रमी कौशल्याचा खेळ, मग तीन पानी जुगार का? आणि कौशल्याचाच खेळ असेल तर ऑनलाइन रमी बंद कशी झाली?

गेल्या काही वर्षांत आयपीएलची एक मॅच जरी बघितली असेल, तरी ती जाहिरात तुम्हाला पाठ असेल. एखादा फिल्मस्टार किंवा क्रिकेटर येतो, टीम लावा म्हणतो, कोटीचं बक्षीस दाखवतो. शेवटच्या तीन सेकंदात एक आवाज श्वास न घेता सांगून जातो की या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि याचं व्यसन लागू शकतं.

या जाहिरातींनी आणखी एक वाक्य घराघरात पोहोचवलं. हा कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळं कायदेशीर आहे.

कोल्हापुरात हे वाक्य कट्ट्यावर ऐकू येतं आणि रीलखालच्या कमेंटमध्येही दिसतं. दुसरीकडं याच जिल्ह्यात तीन पानी खेळणाऱ्यांवर गुन्हा, इतकी रोकड जप्त, अशी बातमी पेपरात येतच असते. मग पत्ते तेच आणि पैसेही तेच असताना एक खेळ कायदेशीर आणि दुसरा जुगार कसा? आणि कौशल्याला कायद्यानं मोकळीक दिली असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन रमी आणि ड्रीम इलेव्हनचे पैशाचे खेळ एका झटक्यात का थांबले?

एकेक करून बघू.

आधी कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात जुगारावर कारवाई होते ती १८८७ च्या कायद्याखाली. म्हणजे कायदा इंग्रजांच्या काळातला आहे. आधी त्याचं नाव मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होतं, आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे.

पोलिसांच्या बातम्यांत यातली चार कलमं सतत येतात. अड्डा चालवणाऱ्यावर कलम ४ लागतं. अड्ड्यावर खेळताना सापडला तर कलम ५. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळला तर कलम १२. आणि मटक्याच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्याच्या बातमीत हमखास दिसणारं कलम १२ (अ).

मटक्याबद्दल वाद घालायला जागाच नाही. ओपन-क्लोजचा आकडा काय येणार, हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. कोल्हापुरात मटक्याचा विषय किती गंभीर आहे, ते एप्रिल २०१९ मध्ये दिसलं होतं. यादवनगरमध्ये अड्ड्यावर छापा टाकायला गेलेल्या पोलिस पथकावरच हल्ला झाला आणि प्रकरण मोक्कापर्यंत गेलं.

पण याच कायद्यात कलम १३ आहे. ते सांगतं की केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू होत नाही, मग तो कुठंही खेळला जावो.

सगळा घोळ ‘केवळ’ या शब्दात आहे. केवळ कौशल्याचा खेळ म्हणजे कोणता? क्रिकेटमध्येसुद्धा टॉस असतो. कॅरममध्ये फोडताना सोंगट्या कुठं जातील याचा भरवसा नसतो. नशिबाचा एक टक्काही चालणार नाही असं धरलं, तर बुद्धिबळ सोडून फारसं काही उरत नाही. त्यामुळं या शब्दाचा अर्थ लावायचं काम कोर्टांकडं आलं.

सुरुवात झाली शब्दकोड्यापासून

१९५७ ची गोष्ट. बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांची बक्षिसाची शब्दकोडी असायची आणि ती तेव्हाच्या मुंबई राज्यात भरपूर खपायची. फी भरा, कोडं सोडवा, बक्षीस जिंका असा प्रकार. मुंबई सरकारनं त्यावर नियंत्रण आणि कर लावला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

आता तुम्ही म्हणाल, शब्दकोडं म्हणजे डोक्याचंच काम. पण या कोड्यांत एका जागी बसणारे दोन-दोन शब्द असायचे. त्यातला ‘बरोबर’ शब्द आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेला असायचा. म्हणजे तुमचा शब्द चांगला आहे की नाही याला किंमत नव्हती, आयोजकाच्या मनातला शब्द जुळला की बक्षीस. कोर्टानं याला जुगारी स्वरूपाचं म्हटलं.

त्याच दिवशी, ९ एप्रिल १९५७ ला, बक्षीस स्पर्धांच्या केंद्रीय कायद्यावरही निकाल आला. या दोन निकालांतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. जुगार हा व्यापार-धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात बसत नाही. आणि ज्या स्पर्धेत यश बऱ्याच प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असतं, ती जुगार नाही.

मग आली रमी

१९६३ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी छापा टाकला. मंडळी पैसे लावून रमी खेळत होती. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये निकाल लागला. खटल्याचं नाव आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. रमीच्या प्रत्येक जाहिरातीच्या मागं हाच निकाल उभा होता.

कोर्टाचं म्हणणं सोपं होतं. तीन पानीत वाटलेली पानंच सगळं ठरवतात. रमीत मात्र कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. पानं वाटण्यात नशीब असतं, पण ते ब्रिजमध्येही असतंच. त्यामुळं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे.

इथं ‘केवळ कौशल्य’ याचा अर्थ ‘प्रामुख्यानं कौशल्य’ असा झाला. तीन पानी आणि रमी यांच्यातली कायद्याची भिंत इथंच उभी राहिली.

पण याच निकालाची दुसरी बाजू जाहिरातींत कधी आली नाही. कोर्टानं असंही सांगितलं होतं की रमीच्या आडून दुसऱ्या प्रकारे जुगार चालत असेल, किंवा जागेचा मालक अथवा क्लब पैशाच्या या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे रमीला मोकळीक मिळाली होती, रमीवर धंदा करणाऱ्याला सरसकट नाही.

क्लबवरच्या छाप्यात पोलिस आजही हेच शोधतात. इथं खेळ कोणता चालू होता आणि प्रत्येक डावामागं मालक कट घेत होता का?

घोडा धावला, पैसे लावले, तरी जुगार नाही?

जानेवारी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यतीबद्दल निकाल दिला. प्रकरण मद्रासच्या रेसकोर्सचं होतं. घोड्याचं वंशावळ, जॉकी, घोड्याची तयारी, मैदान, हे सगळं अभ्यासून अंदाज बांधावा लागतो, त्यामुळं हा कौशल्याचा खेळ आहे असं कोर्टानं ठरवलं. महाराष्ट्राच्या कायद्यातही रेसकोर्सच्या आवारातल्या घोड्यांवरच्या पैजेला वेगळी सवलत आहे. मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स त्यावर चालतं.

मग क्रिकेटवर बुकीकडं पैसे लावले तर? क्रिकेट तर पूर्ण कौशल्याचा खेळ आहे.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. खासबागचं उदाहरण घ्या. मैदानात दोन पैलवान लढतात. जो चितपट करतो तो इनाम घेऊन जातो. ते त्याच्या मेहनतीचं बक्षीस आहे, त्यात जुगार कुठंच नाही. पण कठड्यावर बसलेले दोघं म्हणाले, लाल लांगवाला जिंकला तर तू मला पाच हजार द्यायचे, नाहीतर मी तुला देणार. तर कौशल्य मैदानात आहे, कठड्यावर फक्त पैज आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘जुगार’ या शब्दात पैज लावणंही येतं.

पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असो, बैलगाडा शर्यत असो नाहीतर आयपीएल, नियम हाच. खेळणं वेगळं आणि खेळावर पैसे लावणं वेगळं.

मग ड्रीम इलेव्हन कसं सुटलं?

हाच प्रश्न एका जनहित याचिकेतून मुंबई हायकोर्टासमोर आला. त्याआधी २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टानं फॅन्टसी स्पोर्ट्सला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. ३० एप्रिल २०१९ ला मुंबई हायकोर्टानंही तेच सांगितलं.

युक्तिवाद असा होता. तुम्ही मुंबई जिंकणार की चेन्नई यावर पैसे लावत नाही. दोन्ही संघांतले ११ खेळाडू निवडून स्वतःची टीम बनवता आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवता. प्रत्यक्ष सामना कोण जिंकतं यावर तुमचा निकाल ठरत नाही. त्यामुळं ही पैज नाही. पुढं हा वाद सुप्रीम कोर्टातही गेला, पण दरम्यानच्या काळात धंदा प्रचंड वाढला. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगमध्ये भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तरी जाहिराती थांबल्या नाहीत.

कोल्हापूरला हा विषय जास्त जवळचा का आहे?

राज्यघटनेनं जुगार आणि पैज हा विषय राज्यांकडं दिला आहे. त्यामुळं राज्य बदललं की कायदा बदलतो, आणि कोल्हापूरहून राज्य बदलायला वेळ लागत नाही.

कागलच्या पुढं कोगनोळीचा टोलनाका लागला की कर्नाटक. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्याचे असले तरी. ड्रीम इलेव्हननं तिथलं काम थांबवलं. म्हणजे कागलमध्ये टीम लावणारा पोरगा कायद्यात बसत होता आणि निपाणीत तोच खेळ गुन्हा होता. १४ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक हायकोर्टानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. तामिळनाडूच्या अशाच बंदीला मद्रास हायकोर्टानं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केलं होतं. दोन्ही वेळा मुद्दा साधारण एकच होता. कौशल्याच्या खेळाला जुगाराच्या टोपलीत टाकता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला घाट उतरला की गोवा. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत. तिथली रुलेट काही कौशल्याचा खेळ नाही. पण गोव्यानं १९९० च्या दशकात स्वतःच्या कायद्यात बदल करून परवान्यानं कॅसिनोला परवानगी दिली. महाराष्ट्रानंही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. त्यामुळं पणजीत तिकीट काढून खेळता येणारा खेळ कोल्हापुरात मांडला तर गुन्हा होतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कायदेशीर असणं आणि कौशल्याचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य सरकारची लॉटरी पूर्ण नशिबाची असते, तरी कायदेशीर आहे, कारण तिच्यासाठी वेगळा कायदा आहे.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतला एक व्हिडिओ व्हायरल झाला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते असा आरोप विरोधकांनी केला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात घालवत होतो, असं कोकाटे यांनी सांगितलं. ३१ जुलैला त्यांच्याकडून कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. मीम्सचा पाऊस पडला. पण त्या वादात मुद्दा सभागृहाच्या शिस्तीचा होता. ऑनलाइन रमी तेव्हा महाराष्ट्रात सुरूच होती.

तीन आठवड्यांनी चित्र बदललं. २० ऑगस्टला केंद्र सरकारनं लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मांडलं आणि ते त्याच दिवशी मंजूर झालं. २१ ला राज्यसभेत मंजूर झालं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. ड्रीम इलेव्हनसह मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नावही गेलं.

या कायद्यानं ‘ऑनलाइन मनी गेम’ अशी नवी व्याख्या केली. पैसे भरायचे, बदल्यात पैसे जिंकायची अपेक्षा ठेवायची, आणि हे सगळं ऑनलाइन. खेळ कौशल्याचा आहे, नशिबाचा आहे की दोन्हींचा, यानं फरक पडत नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणजे १९५७ पासून कोर्टात ज्या प्रश्नावर लढाई चालू होती, तो प्रश्न ऑनलाइनपुरता संसदेनं बाजूलाच काढून ठेवला. कारण देताना सरकारनं म्हटलं की अशा खेळांमुळं अंदाजे ४५ कोटी लोकांना फटका बसला आणि त्यांचे २० हजार कोटींहून जास्त रुपये गेले.

शिक्षा कुणाला?

- असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- त्यासाठी पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- फक्त खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

दोन प्रकारांना मोकळीक आहे. एक, मान्यताप्राप्त ई-स्पोर्ट्स. तिथं प्रवेश फी आणि बक्षीस चालतं, पैज चालत नाही. दोन, ऑनलाइन सोशल गेम. टाइमपास म्हणून खेळायचे, सबस्क्रिप्शन भरलं तरी चालेल, पण पैसे लावून पैसे जिंकायचे नाहीत.

कंपन्या याविरोधात कोर्टात गेल्या. जुगार हा राज्यांचा विषय असताना संसदेला हा कायदा करता येतो का आणि कौशल्याच्या खेळावर सरसकट बंदी घालता येते का, हे त्यांचे प्रमुख सवाल. वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या या याचिका सुप्रीम कोर्टानं ८ सप्टेंबर २०२५ ला स्वतःकडं घेतल्या.

मग तुमच्या-आमच्या रोजच्या प्रश्नांची उत्तरं काय?

गणपतीत जागरणाला मंडळात पत्ते खेळले तर? पैसे नसतील तर तो जुगार नाही. पैसे लावून तीन पानी किंवा अंदर-बाहर मांडला तर जुगार आहे आणि मांडव सार्वजनिक ठिकाणी असतो. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळताना सापडलेल्याला पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात.

घरी चार मित्र पैसे लावून रमी खेळले तर? ऑनलाइनचा २०२५ चा कायदा इथं लागत नाही. इथं १८८७ चा कायदा आणि १९६७ चा निकाल. रमी कौशल्याची, आणि घरमालक कट घेत नसेल तर अड्डाही होत नाही. पण कट सुरू झाला की घराचा अड्डा व्हायला वेळ लागत नाही.

छाप्यात मी नुसता बघत बसलो होतो, मी खेळत नव्हतो, असं सांगितलं तर? अवघड आहे. रीतसर छाप्यात जुगाराचं साहित्य जप्त झालं, तर तो अड्डा होता आणि तिथले लोक जुगारासाठीच आले होते, असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

गल्लीतली कॅरम किंवा बुद्धिबळ स्पर्धा, प्रवेश फी आणि बक्षीस? प्रत्यक्ष भरवलेली कौशल्याची स्पर्धा जुगार नाही. तीच स्पर्धा ॲपवर, पैसे भरून पैसे जिंकायच्या हिशोबानं भरवली तर २०२५ चा कायदा आड येतो.

माझे फॉलोअर्स आहेत. एका ॲपनं रील आणि रेफरल लिंक टाकायला पैसे दिले तर? सोशल मीडियावर असणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण खेळायला उद्युक्त करणाऱ्याला आहे. आणि जाहिरात टीव्हीवरचीच असली पाहिजे असं नाही, कोणत्याही माध्यमातली चालते. थेट असो की आडून, तिला मदत करणाराही त्यात येतो. ‘कौशल्याचा खेळ आहे’ असं खाली लिहिल्यानं सुटका होत नाही.

परदेशातलं ॲप अजून चालतंय, म्हणजे कायदेशीर आहे ना? नाही. ॲप उघडतं याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आणि पैसे अडकले तर दाद मागायला समोर कुणी नसतं. फसवणूक झाली तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३० आहे, तिथं लगेच फोन करा. खेळणं सुटत नसेल, कर्ज झालं असेल, घरी सांगायची भीती वाटत असेल, तर टेलीमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

शेवटी लक्षात काय ठेवायचं?

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की हा कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळं बिनधास्त, तर त्याला तीन प्रश्न विचारा. खेळ ऑनलाइन आहे की समोरासमोर? तू स्वतः खेळतोयस की दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावतोयस? आणि मधे बसलेला माणूस किंवा कंपनी त्यातून किती काढते?

ऑनलाइन असेल आणि पैसे लावून पैसे जिंकायचे असतील, तर २०२५ च्या कायद्यापुढं कौशल्याचा मुद्दा टिकत नाही. समोरासमोर असेल तर उरलेल्या दोन प्रश्नांच्या उत्तरावर गुन्हा ठरतो. कौशल्य कायद्यानं कधीच नाकारलेलं नाही. फक्त रमीच्या निकालातली मालकाच्या नफ्याची अट जाहिरातींनी आपल्याला सांगितली नव्हती.